बिलातली प्रवासाची ओळ

एनडीआयएस ही ऑस्ट्रेलियातली अपंगत्व असणाऱ्यांसाठीची सरकारी योजना. तिच्या बिलात थेरपीची ओळ सगळे वाचतात. थेरपिस्ट घरी आली होती, तासभर बसली होती, मुलाकडून चमचा धरण्याचा सराव करून घेतला होता. सगळं आपल्या डोळ्यांदेखत झालेलं असतं. त्या ओळीखाली प्रवासाच्या एक-दोन ओळी असतात. ते सगळं आपल्या दाराबाहेर, कुठल्या तरी रस्त्यावर, गाडीत एकटं बसून झालेलं असतं. ते आपण पाहिलेलं नसतं, म्हणून वाचतही नाही. आणि माझ्या पाहण्यात तरी मुलांचे थेरपीचे तास सगळ्यात जास्त जातात ते तिथेच.

मेलबर्नच्या पश्चिमेकडच्या ज्या भागात मी राहते, तिथे गेल्या काही वर्षांत मराठी वस्ती भराभर वाढली. माझी नोकरी हिशेबाची. मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, तो व्हीलचेअर वापरतो, त्याचा एनडीआयएसचा प्लॅन, म्हणजे त्याच्या नावानं सेवांसाठी मंजूर झालेलं बजेट, मीच सांभाळते. त्यामुळे ओळखीतल्या घरांमधून बिलांचे फोटो व्हॉट्सॲपवर येत राहतात. "ताई, हे जरा बघता का? एकाच दिवशी दोन सेशन लावलीत बहुतेक."

बहुतेक वेळा दोन सेशन लावलेली नसतात. प्रवासाचा वेळ ज्या कोडखाली आकारायचा तो थेरपीचाच कोड असतो. ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं स्वतः करता यावीत म्हणून दिली जाणारी, आपण सगळे जिला (आणि ती देणाऱ्या थेरपिस्टलाही) ओटी म्हणतो, तिचा जो आयटम नंबर, तोच नंबर खालच्या ओळीवर पुन्हा छापलेला असतो. फरक फक्त बाजूच्या रकान्यात, तिथे ‘प्रोव्हायडर ट्रॅव्हल’, म्हणजे सेवा देणाऱ्याचा प्रवास, असं लिहिलेलं असतं. काही बिलांवर तो रकाना इतका अरुंद असतो की शब्द अर्ध्यात तुटतो. गाडीच्या किलोमीटरची ओळ मात्र वेगळी, तिच्या कोडच्या मधोमध ७९९ हा आकडा असतो. ७९९ दिसला की ते गाडीचे पैसे, एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धं बिल सुटतं.

आता एक बिल उघडूनच बघू. टार्नीटमधलं घर आणि फुट्सक्रेमधलं क्लिनिक, दोन्ही मेलबर्नच्या पश्चिमेकडची उपनगरं. अंतर साधारण २२ किलोमीटर, गाडीनं अर्धा तास धरू. ओटीचा कमाल दर तासाला १९३.९९ डॉलर आहे. तासभराच्या सेशनचे तेवढे झाले. १ जुलै २०२५ पासून थेरपिस्टच्या प्रवासाचा वेळ निम्म्या दरानं लावायचा असा नियम आहे, म्हणजे तासाला सुमारे ९७ डॉलर. येण्याचा अर्धा तास आणि परत जाण्याचा अर्धा तास मिळून ९७. किलोमीटरमागे जास्तीत जास्त ९९ सेंट, ४४ किलोमीटरचे ४३.५६. एकूण बिल ३३४ डॉलर आणि वर काही सेंट. त्यातले १४० डॉलर रस्त्याचे.

समजा, त्या मुलाच्या प्लॅनमध्ये वर्षाच्या थेरपीसाठी १०,००० डॉलर आहेत. प्रवास नसता तर त्यात ५१ सेशन बसली असती. प्रवासासकट २९ बसतात. यात थेरपिस्टनं रिपोर्ट लिहिण्यासाठी लावलेले तास मी धरलेलेच नाहीत. प्रवासासाठी वेगळी पिशवी नाही, हे समजून घ्यायला हवं. पैसे त्याच बजेटमधून जातात ज्यातून थेरपीचे जातात. म्हणून ‘सरकार भरतंय ना, आपल्या खिशातून थोडंच जातंय’ हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात कालवतं. मुलाच्या खिशातून जातंय.

साताऱ्याला माझ्या सासूबाईंना हे फोनवर सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "येण्याचेसुद्धा पैसे वेगळे लावतात?" त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर फिजिओथेरपिस्ट स्कूटरवरून घरी यायचे. व्हिजिटचे इतके, असं एकदा ठरलं की त्यात पेट्रोलही आलं, वेळही आला. इथे तसं का नाही, याचं उत्तर योजनेच्या घडणीत आहे.

एनडीआयएसच्या आधी इथे अपंगत्वाच्या सेवांसाठीचा पैसा बहुतांशी संस्थांना ठोक मिळायचा. संस्थेची गाडी, ड्रायव्हर, पेट्रोल सगळं त्या ठोक रकमेत जिरून जायचं. माणसाला हवी ती सेवा, हवी त्या वेळी मिळेल याची मात्र काहीच खात्री नसायची. रांगेत नंबर लागला तर लागला. २०११ मध्ये सरकारला सल्ला देणाऱ्या प्रॉडक्टिव्हिटी कमिशननं ही सगळी व्यवस्था तुटपुंजी आणि अन्यायाची आहे असा अहवाल दिला. २०१३ मध्ये कायदा झाला, त्याच वर्षी जुलैपासून मोजक्या भागांत सुरुवात झाली, आणि २०२० पर्यंत योजना देशभर पोचली. पैसा संस्थेच्या हातून निघून माणसाच्या नावावर आला. ही फार मोठी गोष्ट झाली आणि तिच्याबद्दल मला मनापासून कृतज्ञता आहे. माझ्या मुलाला स्वतःची थेरपिस्ट बदलण्याचा अधिकार आहे, तो आमच्या आधीच्या पिढीला नव्हता. पण पैसा माणसाच्या नावावर आला तसा प्रत्येक खर्चही माणसाच्या नावावर आला. संस्थेच्या वहीत मुरलेलं पेट्रोल तुमच्या बिलावर येऊन बसलं. ते दिसायला लागलं हे चांगलंच झालं. दिसतंय तर वाचायला मात्र हवं.

वाचताना पहिला घोळ होतो तो तीन प्रकारच्या प्रवासांचा. मी घरच्यांना एकच प्रश्न विचारते: गाडीत आपलं माणूस होतं का?

नव्हतं, म्हणजे थेरपिस्ट किंवा रोजच्या कामांत मदत करणारी सपोर्ट वर्कर एकटी गाडी चालवत आपल्याकडे आली, तर तो प्रोव्हायडर ट्रॅव्हल. त्याला वेळेची मर्यादा आहे. आपलं माणूस गाडीत होतं, सपोर्ट वर्कर त्याला पोहायला, ग्रंथालयात, बाजारात घेऊन गेली, तर तो वेगळा प्रकार, ॲक्टिव्हिटी बेस्ड ट्रान्सपोर्ट. तिथे गाडी चालवण्याचा वेळ हा सेवेचाच वेळ असतो, कारण ती आपल्या माणसाबरोबर आहे. तो तिच्या नेहमीच्या तासाच्या दरानं लागतो, शिवाय किलोमीटर. साध्या गाडीला ९९ सेंट, व्हीलचेअरसाठी फेरफार केलेल्या गाडीला २.७६ डॉलरपर्यंत. हा दुसरा आकडा आमच्यासारख्यांनी नीट पाहायला हवा. माझा मुलगा घडीच्या खुर्चीसकट साध्या गाडीतून गेला असेल, तर बिलावर २.७६ येण्याचं कारण नाही. कुठली गाडी आली होती हे मुलगा सांगू शकतो आणि सांगतोही. त्याला गाड्यांचं वेड आहे.

तिसरा प्रकार म्हणजे त्या माणसाला स्वतः कामावर किंवा कॉलेजला जायला बस-ट्रेन वापरता येत नाही म्हणून प्लॅनमध्ये दिलेली प्रवासाची रक्कम. ती वेगळ्या कप्प्यात असते, सगळ्यांना मिळत नाही, आणि थेरपिस्टच्या पेट्रोलशी तिचा काही संबंध नाही. "आमच्या प्लॅनमध्ये ट्रान्सपोर्ट मंजूरच नाही, मग हे पैसे कसे लावले?" हा प्रश्न मला अनेकदा येतो. उत्तर हेच की ते ट्रान्सपोर्ट वेगळं आणि हे वेगळं.

प्रोव्हायडर ट्रॅव्हलच्या मर्यादा लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. शहरात आणि मोठ्या प्रादेशिक गावांत एका फेरीला जास्तीत जास्त ३० मिनिटं, त्याहून लहान गावांत ६० मिनिटं. कुठलं ठिकाण कशात मोडतं हे ‘मॉडिफाइड मोनाश मॉडेल’ नावाच्या सरकारी वर्गवारीवरून ठरतं. सेवा जिथे दिली जाते ते ठिकाण पाहतात, प्रोव्हायडरचं ऑफिस कुठे आहे ते नाही. म्हणजे थेरपिस्ट शहराच्या उत्तरेकडच्या प्रेस्टनहून निघाली, रिंग रोडवर अडकली आणि टार्नीटला पोचायला तिला सव्वा तास लागला, तरी बिलावर अर्धाच तास यायला हवा. बाकीचा तिनं किंवा तिच्या संस्थेनं सोसायचा. परतीचा वेळ लावता येतो तो थेरपीसारख्या सेवांना, आणि तोही दिवसातल्या शेवटच्या घराहून कामाच्या ठिकाणापर्यंतचा. आंघोळ घालायला, जेवू घालायला येणाऱ्या सपोर्ट वर्करच्या बिलावर परतीचा वेळ दिसला, तर विचारायला हवं.

आणखी एक अट आहे, ती मला फार महत्त्वाची वाटते. संस्थेला वर्करच्या प्रवासाच्या वेळेचे पैसे तेव्हाच लावता येतात, जेव्हा त्या वेळेचा पगार वर्करला देणं संस्थेवर बंधनकारक असतं. स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याची गोष्ट वेगळी. पण संस्था आपल्याकडून वीस मिनिटांचे पैसे घेत असेल आणि वर्करला ती वीस मिनिटं बिनपगारी गाडी चालवावी लागत असेल, तर ते नियमात बसत नाही. आपल्या घरांत येणाऱ्या सपोर्ट वर्कर बऱ्याचदा आपल्यासारख्याच स्थलांतरित बायका असतात. नेपाळच्या, फिलिपिन्सच्या, पंजाबच्या, क्वचित आपल्या कोल्हापूरच्याही. सकाळी एका घरी दोन तास, दुपारी दुसरीकडे दीड तास, मधला वेळ गाडीत. बिल वाचताना मला त्यांचाही हिशेब दिसतो. प्रवासाची ओळ म्हणजे लबाडी असं मी कधीच म्हणणार नाही. रस्त्यावरचा वेळ हे काम आहे आणि कामाला मोल मिळायलाच हवं. ते मोल ज्याचं आहे त्याच्यापर्यंत पोचतं का, आणि जितका प्रवास झाला तितकाच लावला का, एवढंच माझं म्हणणं.

हे विचारायचं म्हटलं की आपल्या लोकांची भीड आडवी येते. शेजारच्या रस्त्यावरचे एक गृहस्थ, त्यांच्या मुलीला ऑटिझम आहे, मला म्हणाले, "अहो ताई, त्या बाई एवढ्या लांबून येतात, साधा चहासुद्धा घेत नाहीत. मुलगी त्यांच्याशी रुळलीय. आता पैशाचं काढलं आणि त्यांनी यायचंच बंद केलं तर?" ही भीती खोटी नाही. ओटी मिळायला इथे महिनोन् महिने थांबावं लागतं, स्पीच थेरपिस्टची वेटिंग लिस्ट त्याहून लांब. पण आपल्याकडे म्हणतात ना, भीड भिकेची बहीण. भिडेपोटी गप्प बसायचं आणि वर्षाच्या अखेरीस, प्लॅन संपायला तीन महिने असताना बजेट संपलं म्हणून मुलीची थेरपी थांबवायची, हे कुणाच्याच भल्याचं नाही. त्या बाईंच्याही नाही.

मागच्या गणपतीत हे सगळं एकदम समोर आलं. आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत तीन घरांची गप्पांमध्ये गाठ पडली आणि कळलं की तिघांकडे एकच ओटी येते, तीही एकाच दुपारी. घरं एकमेकांपासून जवळच. कुणीतरी फोन काढला, बिलं शेजारीशेजारी ठेवली. तिन्हींवर क्लिनिकपासून येण्याचा अर्धा तास, तिन्हींवर परतीचा अर्धा तास, तिन्हींवर ४४ किलोमीटर. ती बाई तर एकदाच आली होती आणि एकदाच परत गेली होती.

एका भागात एकाच फेरीत अनेकांकडे जायचं असेल, तर सगळा प्रवास, परतीचासुद्धा, त्यांच्यात वाटून लावणं रास्त आहे असं दरांच्या नियमावलीतच म्हटलं आहे. फक्त ते आधी ठरलेलं हवं. आम्ही हिशेब मांडला. येण्याजाण्याचा एक तास, एका घरून दुसऱ्या घरी जाण्याची मिळून दहाएक मिनिटं, सगळे मिळून ४८ किलोमीटर. नव्या निम्म्या दरानं १६० डॉलरच्या आसपास. तिघांत वाटले तर प्रत्येकी साधारण ५४. लावले होते प्रत्येकी १४०.

पत्र मी लिहून दिलं, पाठवलं त्या त्या घरानं आपापल्या नावानं. आरोप नाही, आवाज चढवलेला नाही. तारीख, वेळ, तिन्ही बिलांचे आकडे, आणि एक प्रश्न: या दिवशीचा प्रवास तिघांमध्ये कसा वाटला गेला? क्लिनिकच्या ऑफिसातून दोन दिवसांत फोन आला. त्यांच्या बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक भेटीला क्लिनिकपासूनचा पूर्ण प्रवास आपोआप भरला जात होता, थेरपिस्टला त्याची कल्पनाही नव्हती. फरकाचे पैसे तिघांच्या प्लॅनमध्ये परत जमा झाले. थेरपिस्ट अजूनही येते. वर म्हटलेल्या गृहस्थांच्या मुलीशी तिचं नातं जराही बिघडलं नाही. उलट पुढच्या वेळी तिनंच विचारलं की तुमच्या आसपास आणखी कुणी आहे का, म्हणजे दुपार भरेल.

तिला असं विचारावंसं वाटण्याचं कारणही समजून घ्यायला हवं. १ जुलै २०२५ च्या आधी थेरपिस्टच्या प्रवासाचा वेळ पूर्ण दरानं लावता यायचा. वर मांडलेलं टार्नीटचं बिल तेव्हा ४३१ डॉलरच्या घरात गेलं असतं. दर निम्मा झाला हे ऐकून आमच्या ग्रुपवर आनंद झाला, आणि हिशेबानं बघितलं तर आनंद होण्यासारखंच होतं. पण दुसरी बाजू मला अस्वस्थ करते. ओटीचा १९३.९९ चा दर २०१९ पासून हललेला नाही. फिजिओचा तर त्याच दिवशी १० डॉलरनं कमी होऊन १८३.९९ झाला. त्यात प्रवासाच्या वेळेचा दर निम्मा. थेरपिस्टांच्या संघटनांनी याला कडाडून विरोध केला, आणि तो निव्वळ पोटासाठी केला असं मला वाटत नाही. क्लिनिकमध्ये बसून सलग मुलं तपासणारीला या बदलाची झळ लागत नाही. झळ लागते ती जी घरी येते तिला. मग ती घरी येणं कमी करते, फक्त जवळच्या उपनगरांत जाते. क्लिनिकला जाऊ शकणारी मुलं क्लिनिकला जातील. ज्या माणसाला पलंगावरून उठवायला हॉइस्ट, म्हणजे माणूस उचलायचं यंत्र, लागतो त्यानं काय करायचं? ज्या मुलीला अनोळखी जागेचा इतका त्रास होतो की क्लिनिकच्या दारातूनच परतावं लागतं, तिनं?

शिवाय काही गोष्टी घरीच पाहाव्या लागतात. माझ्या मुलाच्या बाथरूममध्ये आधाराचा दांडा कुठे बसवायचा हे आमच्याच बाथरूममध्ये उभं राहून ठरलं. तो कुठल्या हातानं दांडा धरतो, नळ उघडताना कुठे झुकतो, खुर्ची दारातून किती तिरकी आत येते, हे ओटीनं गुडघ्यावर बसून टेपनं मोजलं. फुट्सक्रेच्या क्लिनिकमध्ये हे झालं नसतं. त्या दिवशीच्या प्रवासाचा एकेक डॉलर मला योग्य वाटला. व्हिडिओवर होण्यासारखी पालकांशी चर्चा व्हिडिओवर करावी, तिथे प्रवासाचे पैसे वाचतात. सराव क्लिनिकमध्ये करता येत असेल तर तिथे करावा. आणि वाचलेले पैसे अशा घरभेटींसाठी ठेवावेत, असं आम्ही ओटीशी बसून ठरवलंय. खरं तर माझं मत विचाराल तर प्रवासाचा खर्च थेरपीच्या बजेटमधून कापूच नये. लांब राहणं हा काही मुलाचा दोष नाही. घरभेट गरजेची आहे असं जिथे ठरेल तिथे त्याचा खर्च वेगळ्या कप्प्यातून यावा. आज तशी सोय नाही, म्हणून हातात आहे तो करार नीट लिहून घ्यायचा.

सर्व्हिस ॲग्रीमेंटची पानं बहुतेक जण शेवटच्या सहीपर्यंत नुसती सरकवतात. प्रवासाचे पैसे आधी मान्य करून घेतल्याशिवाय लावता येत नाहीत, आणि ती मान्यता त्याच पानांत कुठेतरी असते. ‘प्रवास एनडीआयएसच्या नियमांनुसार आकारला जाईल’ एवढंच वाक्य असेल तर आपण कमाल मर्यादेला होकार देऊन बसतो. नियमांतले आकडे कमाल आहेत, ठरलेली फी नव्हे. त्याहून कमी मागता येतं, आणि किलोमीटरचे पैसे तर मुळातच वाटाघाटीचा विषय आहेत. प्लॅन स्वतः सांभाळणाऱ्यांनी, म्हणजे सेल्फ मॅनेज्ड असणाऱ्यांनी, जास्तच सावध राहायला हवं, कारण त्यांच्या प्रोव्हायडरला सरकारी दराची मर्यादा बांधील नसते. प्लॅन मॅनेजर, म्हणजे आपल्या वतीनं बिलं भरणारा, असला तर तो दरापेक्षा जास्त लावलेलं अडवतो. पण त्या दुपारी ओटी शेजारच्या घरीही गेली होती, हे त्याला कुठून कळणार? ते आपल्यालाच माहीत असतं. शंका असेल तर आधी प्रोव्हायडरला लेखी विचारायचं, मग प्लॅन मॅनेजरला सांगायचं. तरी दाद लागली नाही तर प्रोव्हायडरांवर देखरेख ठेवणाऱ्या एनडीआयएस क्वालिटी अँड सेफगार्ड्स कमिशनकडे तक्रार करता येते. दुभाषी मिळतो, इंग्रजी अडत असेल तर त्यासाठी थांबू नका.

आमच्या करारात आता प्रवासाबद्दल पाच वाक्यं आहेत. प्रवास क्लिनिकपासून मोजायचा की आधीच्या घरापासून, हे पहिल्यात. त्याच दुपारी आमच्या भागात दुसरी भेट असेल तर वेळ आणि किलोमीटर दोन्ही वाटून लावायचे, हे दुसऱ्यात. एका भेटीमागे प्रवासाची रक्कम जास्तीत जास्त किती, हे तिसऱ्यात. टोल आणि पार्किंग आधी सांगितल्याशिवाय नाही, हे चौथ्यात. पाचवं ओटीनं स्वतः सुचवलं: दर तीन महिन्यांनी थेरपीवर किती गेले आणि प्रवासावर किती, याचा एका ओळीचा हिशेब ती पाठवेल. पहिला हिशेब मागच्या महिन्यात आला. त्या तीन घरांच्या यादीत आता चौथं घर आलंय, विंडम व्हेलचं. ते थोडं आडबाजूला पडतं, त्यामुळे त्यांचा वाटा किती धरायचा यावर अजून चर्चा चालू आहे.